कच्च्या भाजणीची नाणी

४ जून

धाकटीस,

हे पत्र मी एका पाटीमुळे लिहिते आहे. पाटी नसती तर पत्रही नसतं, तेव्हा भलता अर्थ काढू नकोस.

नगरपालिका जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत संग्रहालय उघडते आहे. त्यात एक काचपेटी टंचाईच्या काळातल्या मातीच्या नाण्यांची, म्हणजे आपल्या खापऱ्यांची असणार. तिथली व्यवस्था बघणारी तरुण बाई काल घरी आली होती. मुलगी चुणचुणीत आहे, पण खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच बोलायला लागते. तिला नाणी पाडायचा बाबांचा ठसा हवा होता, नगरपालिकेने बाद करून परत दिलेला. मी म्हटलं, देईन, आधी पाटीवर काय लिहिणार ते दाखव. तिने कागद काढला. शेवटचं वाक्य असं होतं: ‘अखेरच्या काळात भट्टीमास्तराने चोरून पाडलेली नकली नाणीही चलनात आली.’

“हे कोणी सांगितलं?”

“जुन्या अहवालात आहे, मावशी.”

“मावशी नको. अहवालात ‘पाडली’ असं आहे की ‘पाडल्याचा संशय’ असं आहे?”

तिने कागद उलटसुलट केला. “संशय. पण पाटीवर जागा कमी असते हो.”

बघ. जागा कमी पडली म्हणून माणूस चोर.

मी तिला जे सांगितलं तेच तुलाही लिहिते, म्हणजे दोघींकडे एकच हकिगत राहील. लढाई सुरू झाली, तांबं-निकेल सगळं तिकडे गेलं, आणि बाजारात सुटे पैसे मिळेनासे झाले. तेव्हा नगरपालिकेने मातीची नाणी काढली. कौलं आणि बरण्या करणारा कारखाना गावात होताच, आणि बाबा तिथे भट्टीमास्तर होते. नाणी त्यांच्या भट्टीत भाजली जायची. ठसा मात्र ते रोज संध्याकाळी कापडात गुंडाळून घरी आणायचे, कारण तो कारखान्यात राहू द्यायचा नाही असा खजिनदारांचा हुकूम होता. पुढे धातू परत आला. लोकांनी खापऱ्या भरून खरे पैसे नेले, आणि पाडली होती त्यापेक्षा जास्त नाणी परत आली. खजिनदारांनी त्यातली लालसर दिसणारी वेगळी काढली. चौकशीत बाबा एकच वाक्य बोलले: “ठसा माझ्या ताब्यात होता, जबाबदारी माझी.” नोकरी गेली. खटला झाला नाही. तो का झाला नाही हा प्रश्न मला जन्मभर पडला आहे. ते खजिनदार पुढे तुझे सासरे झाले.

आता कामाचं. ती वेगळी काढलेली नाणी तुझ्या सासऱ्यांनी कचेरीत जमा केली नाहीत. ती एका डब्यात तुमच्या घरी आहेत, हे मला आईकडून कळलं होतं. त्यातली चार-पाच मला पाठव.

का ते सांगते. तुला ठाऊक असेल, तरी लिहिते, कारण शाळेत तुझं लक्ष नसायचं. माती भाजली की आखडते. ठशावरचा पाचाचा आकडा बारा मिलिमीटर उंच आहे. बाबांच्या भट्टीतून निघालेल्या नाण्यावर तोच साडेदहा भरतो. आता समज, ठसा हाती नसलेल्या माणसाला खोटं नाणं करायचं आहे. तो काय करील? तयार नाण्यावरून साचा घेईल, त्यात माती दाबील, आणि ती पुन्हा भाजील. म्हणजे आकडा दुसऱ्यांदा आखडणार, सव्वानऊच्या आसपास येणार. जप्त नाण्यांवरचा आकडा तेवढा भरला, की ती बाबांच्या ठशाने पाडलेली नाहीत हे सिद्ध झालं. मोजपट्टीला कोणाची भीड नसते.

मग ती कोणी केली, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मी इथे लिहीत नाही. डबा कोणाच्या घरात राहिला ते तुला माहीत आहे.

पाटी महिनाअखेरीस रंगाऱ्याकडे जाणार आहे. टपालखर्च मी देईन.

तुझे यजमान गेल्याचं कळलं होतं.

तुझी थोरली बहीण


११ जून

धाकटीस,

उत्तर नाही. पत्र पोचलं आहे, मी टपालात चौकशी केली. गप्प बसणं ही तुझी जुनी खोड.

संग्रहालयाच्या बाईचा पुन्हा फोन आला. टंचाईतल्या आठवणी सांगा म्हणाली, मुलांना गंमत वाटेल. मी तिला सांगितलं की गंमत नव्हती. मग सांगत बसले. बसच्या कंडक्टरने पिशवीला आतून कांबळ्याचं अस्तर लावलं होतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत निम्मी खापरं व्हायची. खिशात नाणं विसरून सदरा धुण्याच्या दगडावर आपटला की गेला आठवड्याचा साबण. दुकानदार प्रत्येक खापरी फळीवर टाकून आवाज ऐकायचे, बाजारभर नुसतं टणटण चाललेलं. फुटक्या नाण्याचे दोन्ही तुकडे आणले तर नगरपालिका बदलून द्यायची. कोपऱ्यावरचा शिंपी आणि त्याची बायको भांडले तेव्हा दोघांनी एकेक तुकडा आपल्याकडे ठेवला. महिनाभर कोणी वाकेना, आणि नाणं बदलायची मुदत टळली. यावर बाई इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, “मावशी, हे सगळं लिहून द्या ना.” म्हटलं, आधी पाटी.

तुला वाटत असेल, एवढ्या वर्षांनी हिला पाटीचं काय पडलंय. ऐक. नोकरी गेल्यावर बाबांनी दुसऱ्याच्या वीटभट्टीवर राखणदारी केली. ज्या माणसाला नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून आच कळायची, तो तिथे फाटकाशी स्टुलावर बसून कच्च्या विटा जळताना बघायचा आणि बोलायचा नाही. मी सुट्टीत घरी आले होते तेव्हा डबा पोचवायला गेले. विटा भरणारी माणसं एकमेकांना सांगत होती, “खापऱ्याची पोरगी.” मी त्यांच्यापैकी एकाला बोलले. बाबांनी मला हाक मारून जवळ बोलावलं आणि म्हणाले, “डबा दिलास ना? मग जा.”

ती माणसं गेली, वीटभट्टी गेली. पण पाटी काचेच्या आत राहते. शाळेतली पोरं रांगेने येऊन मोठ्याने वाचतात. बाबांना त्या रांगेपुढे मी उभं करू देणार नाही.

तू त्याच खजिनदारांच्या घरात लग्न करून गेलीस. मी लग्नाला आले नाही, पुढेही आले नाही. त्याचं कारण तुला विचारायची गरज पडली नाही आणि मला सांगायची. आताही भांडायचं नाही. मला चार नाणी हवी आहेत.

थोरली


१७ जून

धाकटीस,

पुडकं मिळालं. नाणी कापसात नीट बांधली होतीस. चिठ्ठी वाचली: ‘ताई, तू मोजणार हे माहीत आहे. मोज. पण पाटीवाल्या बाईकडे जाण्याआधी मला लिही. शपथ घालत नाही, तू मानत नाहीस.’

म्हणून लिहिते आहे.

वजनमाप खात्यातल्या नोकरीतली व्हर्नियर मोजपट्टी काढली, तेल दिलं, ठशावर पडताळून घेतली. तुझ्या चारही नाण्यांवरचा आकडा मोजला. चहा करून प्यायले आणि पुन्हा मोजला.

सव्वानऊ नाही. साडेदहाही नाही. सव्वाअकरा.

मोठा! खोटं नाणं खऱ्यापेक्षा लहान निघेल म्हणून मी बसले होते, आणि ते मोठं निघालं. कडा बघितल्या. खऱ्या नाण्याला कडेने टिंबांची माळ आहे. या चारांवर ती नाही, घासून काढली आहे, म्हणजे हातात घेतल्यावर नाणं बाकीच्यांएवढंच लागावं. एक नाणं वाटीत पाण्यात ठेवलं तर बुडबुडे आले आणि पाणी पिवळट झालं. मग बाबा करायचे तसं केलं. कोरडं नाणं जिभेला लावलं. चिकटलं.

पक्की भाजलेली माती जिभेला चिकटत नाही. ही नाणी नीट भाजलेलीच नाहीत. आच कमी पडली म्हणून माती पुरती आखडली नाही, म्हणून आकडा मोठा राहिला. आणि नाण्यावरून साचा घेतला असता तर आकडा मोठा येऊच शकला नसता. म्हणजे ठसा बाबांचाच आहे. भट्टी मात्र त्यांची नाही.

माझा सगळा हिशेब उलटा पडला. तुझ्या सासऱ्यांच्या हातात ठसा कधीच नव्हता. रोज संध्याकाळी तो आपल्या घरी यायचा, सकाळी बाबांबरोबर परत जायचा, आणि रविवारी दिवसभर घरातच असायचा. घरात आपण चौघं. मी त्या वर्षांत कॉलेजच्या हॉस्टेलवर. तू नऊ वर्षांची. बाबांनी चोरी केली असती की नाही हे घटकाभर बाजूला ठेवू, पण इतकं कच्चं ते भाजणार नाहीत. प्राण गेला तरी नाहीत.

मग उरतं कोण ते मला लिहायचं नाही. तू लिही. एका ओळीत चालेल.

थोरली


२१ जून

धाकटीस,

एक ओळ मागितली होती, तू सात पानं पाठवलीस. त्यातली काही वाक्यं तुला परत लिहून पाठवते, म्हणजे मी नीट वाचलं याची तुलाही खात्री होईल आणि मलाही.

‘ताई, आधी खाली बस. तुला उभ्याने वाचायची सवय आहे.’ बसले होते.

‘आईने केली. रविवारी बाबा जेवून पत्ते खेळायला गेले की ती ठसा काढायची. चुलीच्या डागडुजीसाठी म्हणून बाबा कारखान्यातून मातीचा गोळा आणायचे, तीच माती. लाटण्याने लाटायची, ठसा मारायची, आणि आठवडाभर फळीवर डब्यांच्या मागे वाळू द्यायची. मग राखेत पुरून वर निखारे. नाणी अंगाने थोराड निघायची, म्हणून कडा घासायचं काम माझं. रंग उजळ यायचा, म्हणून चहाच्या चोथ्यात उकळायची. मला वाटायचं हा आमच्या दोघींचा खेळ आहे. बाबांना सांगायचं नाही एवढाच त्याचा नियम.’

‘त्या खापऱ्यांनी आम्ही भाजी, तेल, साबण आणायचो. म्हणजे बाबांच्या पगाराच्या नोटा मोडाव्या लागायच्या नाहीत. त्या नोटा कुठे जायच्या ते तुला सांगायला हवं का? दर सहामाहीला तुझ्या कॉलेजात.’

यानंतर तू पान बदललं आहेस.

‘चौकशीच्या आदल्या संध्याकाळी खजिनदारांनी बाबांना त्यातलं एक नाणं बघायला दिलं होतं. बाबांनी ते घरी आणून फरशीवर टाकलं, आवाज ऐकला. आईकडे न बघता म्हणाले, “भाजणी कच्ची आहे.” आई म्हणाली, “चुलीवर एवढीच होते.” मग दोघं जेवले.’

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. बाबांना व्हर्नियर लागली नव्हती. त्यांनी तेव्हाच तोंड उघडलं असतं, ही माझ्या भट्टीतली नव्हेत एवढं म्हटलं असतं, तर सुटले असते. पण मग ठसा कुठे असायचा हे कोणीही विचारलं असतं.

‘चौकशी झाली त्या दुपारी आई माझा हात धरून खजिनदारांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “बाई, तुमचे यजमान वेगळं सांगतात. मला दोघांतलं एकच लिहिता येईल, आणि त्यांचं लिहून झालंय.” त्यांनी खटला होऊ दिला नाही. डबा कचेरीत न ठेवता घरी ठेवला. कचेरीत कोणीतरी कधीतरी जिभेला लावून बघितलंच असतं, असं म्हणायचे. मला त्या घरात जायला भीती का वाटली नाही ते आता कळलं असेल. लग्न ठरलं तेव्हा मी तुला सांगायला निघाले होते. आईने अडवलं. म्हणाली, “तिची पदवी तिला सुखाने वापरू दे.”’

वाचलं. सगळं नीट कळलं.

तुझ्या सासऱ्यांविषयी मी पहिल्या पत्रात जे सुचवलं ते मागे घेते.

आता पाटीचं. मी बाईला फोन करून मजकूर बदलून घेतला आहे: ‘पाडणारा अज्ञात.’ बाबांचं नाव पाटीवरून निघालं, म्हणजे आपलं काम झालं. आईला यात आणायचं कारण नाही. ती आज स्वतःच्या बाजूने दोन शब्द बोलू शकत नाही. पाटीवर जागा कमी असते, हेही खरं आहे. शिवाय नुसत्या मोजमापावरून माणूस ठरत नाही, भट्टी कोणती नव्हे एवढंच ठरतं. लोकांना तपशिलाशी काही देणंघेणं नसतं. चारही नाणी उद्याच्या टपालाने परत करते.

फीचं तू लिहिलं आहेस. ते मोजमापात येत नाही, म्हणून त्यावर काही लिहीत नाही.

हल्ली डोळ्यांनी नीट दिसत नाही, अक्षर वाकडं आलं असेल.

थोरली


२६ जून

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. असलं कार्ड उघडं पाठवतात का? पोस्टमनने ते माझ्या हातात देताना खाली बघितलं, म्हणजे त्याने वाचलं आहे.

‘अज्ञात? बोटांची सालं निघेपर्यंत कडा घासल्या त्या मी, आणि मी अज्ञात? ताई, आईच्या हातचं जगात आता दुसरं काय उरलंय ते सांग. लुगडी विरली, भांडी मोडीत गेली, आणि फोटोत ती हललेली आहे. एवढी नाणी उरली आहेत. बाजारातल्या पक्क्या लोकांनी ती खरी म्हणून घेतली. ती करणारीला नाव नको? आणि बोलतंय कोण, तर दुकानदारांचे तराजू उलटे करून बघणाऱ्या वजनमापवाल्या बाई! डोळ्यांना काही झालेलं नाही तुझ्या. तुला लाज वाटते, आणि ती आईची वाटत नाही. बटण.’

ती सही बघून मला आधी कळेचना की ही कोण. मग आठवलं, लहानपणी मीच तुला या नावाने हाक मारायचे.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. भाजीवालीशी भांडले. तिचं एक वजन कडेला झिजलेलं होतं. मी नेहमीसारखी सुरुवात केली, “हे जप्त व्हायला हवं,” आणि मध्येच थांबले. ती वाट बघत होती. शेवटी म्हणाली, “काय झालं आजी? बरं नाही का?” मी पैसे देऊन आले.

खात्यात लागल्यावर पहिल्याच वर्षी मी एका रॉकेलवाल्याचं माप जप्त केलं होतं. तळाला डबल पत्रा होता. तो म्हणाला, “बाई, घरात शिकणारी पोर आहे.” मी म्हटलं, ते मापात बसत नाही. पंचनामा केला, त्याची सही घेतली. त्यात माझं काही चुकलं नाही. माप खोटं होतं, आजही जप्त करीन. पण परवा तुझं कार्ड वाचताना तो माणूस डोळ्यांसमोर आला, आणि त्याच्या शेजारी आई. दोघं एकाच बाकावर बसलेले. मी टेबलाच्या या बाजूला. आणि मला त्या टेबलाशी बसवायला जे पैसे लागले ते समोरच्या बाकावरून आलेले.

आईचं नाणं खोटं होतं. ते मी खरं म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. बाजारातल्या कोणाचं नुकसान झालं नसेल, नगरपालिकेचं झालं, आणि ते बाबांनी भरून दिलं, सगळ्या आयुष्याने. खोट्याला खोटंच म्हणायचं. पण ते कोणी केलं हे माहीत असताना ‘अज्ञात’ लिहिणं, हेही खोटं. मला पाटीवर खरं हवं होतं. बाबांपुरतं खरं आणि आईच्या वेळेला झाकण, असं चालणार नाही. हे तू मला शिकवावंस याचा राग येतो, तो येऊ दे.

आपण दोघींनी जायचं. मी एकटी गेले तर मजकूर पुन्हा आखडता घेईन, मला माझी खात्री नाही. शनिवारी सकाळी अकराला संग्रहालयाच्या दाराशी ये. डबा घेऊन ये, सगळा. पायऱ्या उंच आहेत, कठडा डावीकडे आहे.

पाटीवाली बाई ‘मावशी’ म्हणेल. म्हणू दे.

तुझी ताई


३० जून

बटण,

तू बस पकडायची म्हणून कोऱ्या कागदावर सही करून घाईने निघालीस, पावती तुझ्यामागे टाइप झाली. तिची नक्कल सोबत आहे. जपून ठेव, कार्डासारखी उघड्यावर टाकू नकोस.

तू त्या मुलीला नाणं जिभेला लावायला लावलंस ते मला पसंत नव्हतं. पण तिला पटलं ते त्यानेच, माझ्या आकड्यांनी नव्हे. तू गेल्यावर ती आणखी दोनदा लावून बघत होती. जिभेला नाणं चिकटलेलं असताना मला काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, आधी ते काढ.

पाटीचा मजकूर बदलला. ‘ठसा भट्टीमास्तरांचा, भाजणी त्यांची नव्हे’ हे वाक्य मी घातलं. पुढचं तू सांगितलंस तसं आहे, आईच्या पूर्ण नावानिशी. ती म्हणाली, “मग पाटी मोठी करावी लागेल.” कर म्हटलं. रंगाऱ्याचे जास्तीचे पैसे मी भरते असं सांगितलं, तर म्हणते, नको, जागा निघेल.

मग ती पावती करायला बसली. तिच्या कागदावर एक रकाना होता, वस्तू का घडवली याचा. तिने विचारलं, “इथे ‘आर्थिक अडचण’ लिहू?”

मी म्हटलं, “अडचण नव्हती. घर चाललं होतं. फी होती.”

“कोणाची?”

तू त्या वेळी बसमध्ये चढली असशील. मी तिला सांगितलं. ती टाइप करायची थांबली, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “हे नक्की लिहायचं ना?” मी म्हटलं, तुझ्याकडे रकाना आहे, माझ्याकडे उत्तर आहे, लिही.

आणखी एक. डब्यात वीस होती. टेबलावर मांडताना तू एक पर्समध्ये टाकलंस ते मी बघितलं. पावतीत जेवढी दिली तेवढीच लिहिली आहेत.

पोचलीस की कळव. गुडघ्याला शेक घे.

ताई


सोबत: पावतीची नक्कल

संग्रहालयास आज खालील वस्तू मिळाल्या.

१. पितळी ठसा, लाकडी मुठीचा, नगरपालिकेने आडवी खाच मारून बाद केलेला. नग एक.

२. मातीची नाणी, किंमत पाच, कारखान्याच्या भट्टीत भाजलेली. नग तीन.

३. मातीची नाणी, किंमत पाच, त्याच ठशाने पाडून घरच्या चुलीवर भाजलेली, नकली. नग एकोणीस. पाडणारी व भाजणारी: देणाऱ्यांची आई. कडा घासणारी: धाकटी मुलगी. घडवण्याचं कारण: थोरल्या मुलीची कॉलेजची फी.

परतीची अट नाही. मोबदला नाही.

देणाऱ्या:

धाकटी मुलगी (सही)

थोरली मुलगी, बी.एस्सी. (सही)